पडद्याआडचे मत

(दृश्य : उंचावरील लोहमार्ग, खाली दुकानांची रांग)

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला, ब्रायटन बीच येथे, आगगाडी दुकानांच्या माथ्यावरून जाते आणि तिच्या सावलीतील बहुतेक पाट्या रशियन भाषेत आहेत. १९७० च्या दशकापासून सोव्हिएत संघ सोडून आलेली कुटुंबे, त्यांतही मुख्यतः ज्यू, येथे स्थिरावली. समुद्रालगतच्या लाकडी पदपथावर बुद्धिबळाचा डाव मांडून बसलेल्या या वृद्धांपुढे निवडणुकीचा विषय काढला, की ते नुसता हात झटकतात. त्याला उदासीनता म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

(दृश्य : सोव्हिएत मतदान केंद्राची जुनी छायाचित्रे)

कारण ही माणसे मतदान न करणारी नव्हती. मार्च १९८४ मध्ये सर्वोच्च सोव्हिएतसाठी, म्हणजे सोव्हिएत संघाच्या संसदेसाठी, झालेल्या निवडणुकीत अधिकृत आकड्यांनुसार ९९.९९ टक्के मतदान झाले होते. केंद्रावर संगीत वाजे, एरवी दुकानात न मिळणारे खाद्यपदार्थ तेथे विकायला असत, दुपारपर्यंत न आलेल्यांच्या दारावर कार्यकर्ते थाप मारीत आणि आजाऱ्यांच्या घरी मतपेटीच नेली जाई. मतपत्रिकेवर नाव मात्र एकच असे. ते मान्य असेल तर कागद तसाच पेटीत टाकायचा. नाव खोडायचे असेल, तरच पडद्याआड जाण्याचे कारण. त्यामुळे पडद्याकडे वळलेले पाऊलच सर्वांना दिसे, आणि गुप्त मतदानासाठी लावलेला पडदा माणसाला उघडे पाडी.

(दृश्य : मेजावर ठेवलेली जुनी प्रवासी कागदपत्रे)

देश सोडण्याचा अर्ज करणाऱ्याची नोकरी अनेकदा जाई. परवानगी नाकारलेल्यांना ‘ओत्काझनिक’ म्हणत, आणि त्यांतील काहींनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. इस्रायलचा परवाना घेऊन निघणाऱ्यांना तर सोव्हिएत नागरिकत्व सोडावे लागे, आणि त्यासाठी कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम सरकारलाच भरावी लागे. अशा माणसाने पुढे कोणत्याही सरकारी नोंदवहीत आपले नाव आपणहून लिहावे, ही अपेक्षा सोपी नाही.

(दृश्य : शाळेतील मतदान केंद्र)

येथील, न्यूयॉर्कच्या, मतपत्रिकेवर अनेक नावे असतात आणि पसंतीच्या नावापुढील अंडाकृती शाईने भरायची असते. आयुष्यभर नाव खोडणे हेच धाडस मानलेल्या हाताला ही रीत शिकवावी लागते, आणि ती त्याच्याच भाषेत शिकवावी लागते. मतदारांना भाषेचे साहाय्य देणाऱ्या १९७५ च्या संघीय तरतुदीत रशियन नाही. न्यूयॉर्क राज्याने २००९ मध्ये रशियन भाषांतराचा कायदा केला. तरीही २०१८ च्या निवडणुकीत महापालिकेच्या दुभाष्यांना केंद्रापासून शंभर फूट दूर उभे राहावे लागले. सोव्हिएत संघात जन्मलेला पहिला प्रतिनिधी राज्याच्या विधानसभेवर निवडून आला तो २००६ मध्ये.

(दृश्य : पायऱ्या चढणारी वृद्धा, निवेदन थांबते)

या आजी आज नातीला सोबत घेऊन आल्या आहेत. दुभाषी म्हणून.