जिन्यावरची पाटी आणि पाच लाखांचं शहर

(पुण्यातल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि इतक्या उकाड्यात वेळ काढून आलेली मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जर्मनीतली शहरं : भरती आणि ओहोटी’. त्यावर मी बोलणारच आहे. पण त्याआधी वीस वर्षं मनात घोळत असलेली एक गोष्ट सांगू द्या. ती सांगितल्याशिवाय पुढचे आकडे नुसते आकडेच राहतील.

कुणीही मला एखाद्या शहराची लोकसंख्या सांगितली की मी दोन गोष्टी विचारतो. हद्द कुठे धरली? आणि जो गेला, त्याचं नाव कुणी खोडलं? नवीन आलेल्याचं नाव सगळे लिहून घेतात, त्यात प्रत्येकाचा फायदा असतो. गेलेल्याचं नाव खोडणं हे कुणाचंच काम नसतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. लाइपझिगमध्ये हे माझ्या स्वतःच्याच बाबतीत घडलं.

सप्टेंबर १९९९ मध्ये कंपनीने मला लाइपझिगला पाठवलं. शहराच्या पूर्व भागात, रॉयडनिट्झमध्ये जागा मिळाली. शंभर वर्षांपूर्वीची चार मजली इमारत, उंच छत, खोलीत शेगडीसारखा उभा टाइल्सचा बंब, त्यात तळघरातून आणलेल्या दगडी कोळशाच्या विटा घालायच्या. भाडं इतकं कमी की मला वाटलं, ऐकण्यात काही चूक होतेय. चूक नव्हती. त्या सुमाराला लाइपझिगमध्ये साठ हजारांच्या आसपास घरं रिकामी होती. साधारण पाचातलं एक. संध्याकाळी ट्राममधून उतरलं की अख्ख्या रस्त्यात मोजून दहा-बारा खिडक्यांत दिवे.

आमच्या इमारतीत बिऱ्हाडं आठ. दारात आठ टपालपेट्या. त्यांतल्या दोनच पेट्यांवर नाव होतं : एक माझं आणि एक तळमजल्यावरच्या आजींचं. वय तेव्हा त्र्याहत्तर. जर्मनीत भाडेकरूंनी आळीपाळीने जिना झाडायचा-पुसायचा अशी अनेक ठिकाणी पद्धत आहे, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक पुठ्ठ्याची पाटी अडकवलेली असते. आपलं काम झालं की शनिवारी ती पाटी पुढच्या दाराला लावायची. आमच्या इमारतीतली पाटी पिवळी पडलेली, कोपरे दुमडलेले, दोरी दोनदा बदललेली. पहिल्या शनिवारी आजींनी ती माझ्या दाराला लावली आणि म्हणाल्या, “पूर्वी माझी पाळी आठ आठवड्यांनी यायची. मग सहा, मग चार. गेली दोन वर्षं ही पाटी माझ्या दारावरून हललीच नाही.”

मंडळी, शहर रिकामं होणं म्हणजे काय हे मला त्या पाटीनं शिकवलं. अहवाल नंतर वाचले.

आजींचा जन्म लाइपझिगचा. त्या लहान असताना, १९३० च्या आगेमागे, शहर सात लाखांवर होतं. जर्मनीतल्या पहिल्या पाचांतलं शहर. जत्रा, छापखाने, फरचा व्यापार, कापडगिरण्या. युद्ध झालं, देश दुभंगला, शहर पूर्वेकडे राहिलं आणि तेव्हापासून त्याचा आकडा जवळपास दरवर्षी उतरत गेला. १९८९ मध्ये, निकोलाय चर्चमधून निघालेल्या सोमवारच्या मोर्च्यांनी जेव्हा पूर्व जर्मनीची कम्युनिस्ट राजवट हलवली, तेव्हा लाइपझिगमध्ये सुमारे ५ लाख ३० हजार माणसं होती. बर्लिनची भिंत पडली आणि मग खरी गळती लागली. कारखाने चार-पाच वर्षांत बंद पडले. आजींचा मुलगा १९९० मध्येच श्टुटगार्टला गेला. आणि जी माणसं राहिली त्यांनी मुलं होऊ देणं थांबवलं. १९९४ च्या आसपास पूर्व जर्मनीत दर बाईमागे मुलांचं प्रमाण ०.७७ पर्यंत खाली आलं होतं. शांततेच्या काळात इतका खाली गेलेला आकडा जगात फार क्वचित दिसतो. १९९८ च्या अखेरीला लाइपझिग ४ लाख ३७ हजारांवर आलं.

आता गंमत बघा. मी तिथे पोचलो त्या वर्षी शहराचा आकडा वाढलेला होता! २००० च्या अखेरीला तो ४ लाख ९३ हजार. दोन वर्षांत पन्नास हजारांहून जास्त भर. आणि आमच्या जिन्यावर तर पाटी दोनच दारांत फिरतेय. मी आजींना विचारलं, एवढी माणसं आली कुठे? त्यांनी खिडकीतून बाहेर हात केला : “ती आली नाहीत. ती तिकडेच आहेत. शहर तिकडे गेलं.”

अगदी खरं होतं ते. १९९९ आणि २००० च्या १ जानेवारीला आजूबाजूची गावं महापालिकेत घेतली गेली आणि शहराचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झालं. नव्वदीत जी कुटुंबं जुनी घरं सोडून बाहेर बंगलीवजा नव्या वस्तीत राहायला गेली होती, त्यांच्यामागे हद्दच चालत गेली. पुणेकरांना हे समजावून सांगायला नको. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं आपल्या महापालिकेत आली, तेव्हा तिथली माणसं रात्री झोपली गावात आणि सकाळी उठली शहरात. जर्मनीत याचा सगळ्यांत मोठा नमुना १९२० चा. बर्लिनमध्ये आजूबाजूची सात शहरं, ५९ गावं आणि २७ जहागिरी एका कायद्याने मिसळल्या आणि १९ लाखांचं बर्लिन एकदम ३८ लाखांचं झालं.

कोलोनची गोष्ट तर मला फारच आवडते. १९७५ च्या १ जानेवारीला आसपासची गावं घेऊन कोलोन दहा लाखांवर गेलं. त्यांत वेसलिंग नावाचं एक गाव होतं. त्या गावाला हे मान्य नव्हतं. ते कोर्टात गेलं आणि जिंकलं. १ जुलै १९७६ ला वेसलिंग वेगळं झालं आणि कोलोनचे दहा लाख गेले. एक माणूसही घर सोडून गेला नाही. ते दहा लाख पुन्हा मिळवायला कोलोनला २०१० उजाडावं लागलं.

हे झालं हद्दीचं. आता नाव खोडण्याचं.

तुमच्यापैकी बरेच जण जर्मन शिकलेले दिसताहेत, त्यामुळे ‘आनमेल्डुंग’ हा शब्द माहीत असेल. घर घेतलं की दोन आठवड्यांत नोंदणी कचेरीत जाऊन नाव नोंदवायचं. त्याशिवाय बँकेत खातंसुद्धा उघडणं कठीण. म्हणून ते सगळे करतात. आणि देश सोडताना ‘आबमेल्डुंग’, म्हणजे नाव काढून घेणं. मी २००३ मध्ये परत आलो तेव्हा तो अर्ज भरला, सही केली आणि आमच्या बदलीची सगळी व्यवस्था ज्या एजन्सीकडे होती तिच्या माणसाच्या हातात दिला. वीज, भाडं, टेलिफोन, सगळं त्यांनीच बंद केलं. हा एक कागद तेवढा कुठे तरी राहून गेला.

मला ते कळलं २००८ मध्ये. त्या वर्षी जर्मन सरकारने देशात नोंद असलेल्या प्रत्येकाला, अगदी तान्ह्या बाळालासुद्धा, अकरा आकडी कर क्रमांक टपालाने पाठवायला सुरुवात केली. एक दिवस पुण्यात माझ्या घरी जाड पाकीट आलं. आत आजींची चार ओळींची चिठ्ठी आणि दुसरं बंद पाकीट. माझ्या नावाचा कर क्रमांक, पत्ता रॉयडनिट्झचा. मला पुण्याला येऊन पाच वर्षं झाली होती. आजींनी माझ्या टपालपेटीवरचं नाव काढलं नव्हतं.

मी ते पत्र हातात घेऊन किती तरी वेळ बसलो. कारण मला २००५ आठवलं. त्या वर्षी लाइपझिगने पुन्हा पाच लाखांचा टप्पा ओलांडला होता आणि तिथल्या एका सहकाऱ्याने आनंदाने मला ईमेल केली होती. ज्या शहरातून पंधरा वर्षं माणसं जात होती, त्यांना त्या आकड्याचं केवढं मोल! आणि त्या पाच लाखांत एक मी होतो. इथे, सदाशिव पेठेत बसलेला. ज्या शहराने मला आपलं म्हणून मोजलं त्याच्या हिशेबात मी खोटा आकडा होऊन बसलो होतो, याचं मला मनापासून वाईट वाटलं. अजूनही वाटतं. मी लगेच अर्ज पाठवला आणि या वेळी पोच मागवून घेतली.

आणि माझ्यासारखा मी एकटा नव्हतो. २०११ मध्ये जर्मनीत जनगणना झाली. पश्चिम जर्मनीत त्याआधीची १९८७ ची, म्हणजे मध्ये चोवीस वर्षं गेली होती. एवढी वर्षं जुन्या आकड्यात जन्म मिळवायचे, मृत्यू वजा करायचे, आलेले मिळवायचे, गेलेले वजा करायचे, असा हिशेब चालू होता. मोजून बघितलं तर देशात १५ लाख माणसं कमी भरली. त्यांतले सुमारे ११ लाख परदेशी नागरिक. म्हणजे माझीच जात : आले तेव्हा नाव लिहिलं, गेले तेव्हा खोडलं नाही. एकट्या बर्लिनमध्ये १ लाख ८० हजार कमी. तिथे डोईमागे पैसा मिळतो, त्यामुळे बर्लिनला वर्षाला सुमारे ४७ कोटी युरोंचा फटका बसला. बर्लिन आणि हॅम्बुर्ग तिथल्या घटना न्यायालयापर्यंत गेले. २०१८ मध्ये निकाल लागला, मोजणी योग्य ठरली. २०२२ मध्ये पुन्हा मोजलं, तर पुन्हा धरल्यापेक्षा १४ लाखांच्या आसपास कमी. ८ कोटी २७ लाख.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. मग मूळ विषयाकडे वळतो, जरा भरभर.

जर्मन हिशेबात मोठं शहर म्हणजे एक लाख वस्तीचं, बरोबर आपला लाख. १८७१ मध्ये देश एक झाला तेव्हा अशी शहरं ८ होती. १९१० मध्ये ४८. चाळीस वर्षांत सहापट, कोळसा आणि पोलादाच्या जोरावर. आज ८० च्या आसपास आहेत, आणि देशातला साधारण तिसरा हिस्सा त्यांत राहतो. दहा लाखांवरची फक्त चार : बर्लिन, हॅम्बुर्ग, म्युनिक, कोलोन. लंडन-पॅरिससारखं देश गिळणारं शहर तिथे नाही, कारण जर्मनी एक झाला उशिरा. तोवर प्रत्येक छोट्या राजाची राजधानी, नाट्यगृह, विद्यापीठ उभं राहिलेलं होतं. आणि जे शहर तसं होऊ शकलं असतं त्या बर्लिनचे १९३९ मध्ये ४३ लाख होते. आज सदतीस लाखांच्या आसपास. ऐंशी वर्षं झाली, ते अजून तिथे पोचलेलं नाही.

पश्चिमेकडच्या ऱ्हुर खोऱ्यात, जर्मनीच्या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यात, पन्नास लाखांहून जास्त माणसं सलग वस्तीत राहतात, पण ५३ वेगळ्या नगरपालिकांत. म्हणून यादीत ते कुठेच दिसत नाही. पुन्हा हद्द! कोळसा संपत आला तशी ती शहरं उतरली. गेल्सेनकिर्शेन १९५९ मध्ये ३ लाख ९० हजारांच्या घरात होतं, आता २ लाख ६० हजारांच्या. पूर्वेकडे होयर्सवेर्डा सत्तर हजारांवरून तिसावर. तिथे खाणी आणि वीजकेंद्रांसाठी वसाहती उभ्या केल्या होत्या. काम गेलं, माणसं गेली. २००२ पासून सरकारी पैशाने पूर्वेकडच्या रिकाम्या इमारती पाडायला घेतल्या, तीन लाखांहून जास्त घरं. आपल्याकडे घरासाठी जीव टाकणाऱ्या माणसाला हे ऐकवत नाही, मला माहीत आहे. पण राहिलेल्या माणसांना रिकाम्या इमारतींचे पाइप आणि रस्ते पोसणं परवडत नव्हतं. लाइपझिगने जोडीला एक वेगळी वाट काढली : मोडकळीला आलेली जुनी घरं कलाकारांना, तरुण मंडळींना बिनभाड्याने द्यायची, त्यांनी तिथे राहायचं, काम करायचं आणि घर सांभाळायचं. पहारेकऱ्यांची घरं म्हणत त्यांना. स्वस्त जागा होती म्हणून तरुण आले. पोर्शे आणि बीएमडब्ल्यूचे कारखाने आले, विमानतळावर मालवाहतुकीचं मोठं केंद्र आलं. २०१९ च्या सुमाराला शहर सहा लाखांवर गेलं. या वेळी हद्द न हलवता.

दोन मिनिटं? बरं. शेवटचा मुद्दा, खरं तर याचसाठी मी आलो होतो. १९७२ पासून जर्मनीत एकही वर्ष असं गेलेलं नाही, की जन्म मृत्यूंपेक्षा जास्त झाले. तेव्हापासून देशाची जी वाढ झाली ती बाहेरून आलेल्या माणसांची. २०१५ मध्ये सीरियातून, २०२२ मध्ये युक्रेनमधून, आणि सतत पोलंड-रुमानियातून. भाडी वाढल्यामुळे जर्मन कुटुंबं गेली दहा वर्षं मोठ्या शहरांतून बाहेर पडताहेत, आणि त्यांच्या जागा परदेशी तरुण भरताहेत. आता तिथल्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यांत जास्त भारतीय आहेत, चीनपेक्षाही जास्त. या सभागृहात ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी हात वर करा. बघा! जर्मन शहरांची वाढ म्हणतात ती ही मुलं आहेत. त्यांना फोनवर सांगा, परत येताना आबमेल्डुंग स्वतः जाऊन करा, आणि पोच घ्या.

२०१८ मध्ये मी रॉयडनिट्झला जाऊन आलो. आजी आता नाहीत. दारावर आठ नावं आहेत, जिना पुसायला ठेक्यावर माणूस येतो. पाटीचं विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं.

ते २००८ चं पाकीट, आजींच्या चिठ्ठीसकट, मी बरोबर आणलंय. इथे टेबलावर ठेवतो. चिठ्ठीतली दुसरी ओळ मला नीट लागलेली नाही. जुन्या वळणाचं हस्ताक्षर आहे. कुणाला वाचता आलं तर मला सांगा.