‘हो हो, सोय आहे’: म्युझियमला जायच्या आधीचे सहा दिवस

(दृश्य: डायनिंग टेबल. दोनशे पानी वही, गोंदाची ट्यूब, प्रिंट काढलेले फोटो, बाजूला गार झालेला चहा.)

हा पसारा आमच्या घरातला. ट्रिप अजून सहा दिवसांवर आहे आणि जायचंय कुठे तर मुंबईतच, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुनी माणसं अजून ज्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणतात ते, आणि मग रस्ता ओलांडून डेव्हिड ससून लायब्ररी. तुम्ही म्हणाल त्याला सहा दिवस तयारी कसली, उठायचं, लोकल पकडायची, जायचं. मी एकटी असते तेव्हा तसंच करते. पण यावेळी बरोबर आहे आई, वय ७४, दोन्ही गुडघे बदललेले, घरात वॉकरवर फिरते पण दहा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. आणि आहे माझा भाचा, वय ९, ऑटिस्टिक. त्याला नवीन जागा आवडतात, पण अचानक समोर आलेली नवीन जागा अजिबात चालत नाही. यातला फरक कळायला आम्हाला चार वर्षं लागली.

(दृश्य: फोन कानाला लावलेला हात, समोर कागदावर प्रश्न.)

पहिलं काम फोन. आणि फोनचीच आधी एक गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात, नाव नाही घेत, एका संग्रहालयात असाच फोन केला होता. व्हीलचेअर आहे का? ‘हो हो, सोय आहे.’ गेलो. खुर्ची खरंच होती, पण स्टोअररूममध्ये, कुलूप लावून, आणि चावी ज्यांच्याकडे ते साहेब जेवायला गेलेले. पाऊण तासाने खुर्ची आली तर एका बाजूला पाय ठेवायची पट्टीच नाही. आईने तो पाय हवेत धरून दोन दालनं बघितली आणि मग म्हणाली, ‘चल घरी, मूर्ती काय टीव्हीवर पण दिसतात.’ परत येताना ट्रेनमध्ये ती एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून मी ‘सोय आहे का’ विचारतच नाही, कारण त्याचं उत्तर कायम हो असतं. मी विचारते, कुठल्या गेटमधून यायचं? त्या गेटपासून तिकीट खिडकीपर्यंत पायऱ्या किती, एक असली तरी सांगा. खुर्ची कोणाकडे मागायची आणि ते दुपारी जेवायला कधी जातात? (हसतात लोक या प्रश्नाला, हसू देत.) लिफ्टमध्ये खुर्ची आणि ढकलणारा दोघं मावतात का? टॉयलेटचं दार बाहेर उघडतं की आत? आत उघडणारं दार असलं की खुर्ची आत गेल्यावर ते बंदच होत नाही, हे तुम्ही एकदा भोगलं की आयुष्यभर लक्षात राहतं. आणि दालनात बसायला बाक कुठे कुठे आहेत? बाकाचं कोणी सांगत नाही, पण म्हाताऱ्या माणसाची ट्रिप बाकावरच ठरते.

आणि हे सगळं मेहेरबानी मागितल्यासारखं नाही विचारायचं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे आपल्याकडे, आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते ते यात २१ झाले, ऑटिझम पण आला, आणि कला, संस्कृती, करमणूक यात सगळ्यांना भाग घेता यायला हवा हे त्यात लिहिलेलं आहे. फोनवर कायदा काढायचा नाही पण, एवढंच सांगते. सरळ आवाजात विचारायचं.

माझा एक मित्र पूर्ण अंध आहे, त्याचा फोनवर एकच प्रश्न असतो, हात लावता येईल असं काय आहे? म्युझियममध्ये आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं काय, हात लावू नका. म्हणजे त्याच्यासाठी दार उघडं आणि म्युझियम बंद. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये ‘अनुभव’ नावाचं दालन सुरू झालं, मूळ वस्तूंच्या २२ प्रतिकृती, हाताने बघायच्या. तो जाऊन आला, आणि तिथल्या मूर्तीच्या दागिन्यांबद्दल मला अर्धा तास सांगत होता, मी डोळ्यांनी बघून पाच मिनिटं बोलू शकले नसते.

(दृश्य: वहीचं पहिलं पान. गेटचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात एक ओळ.)

आता ही वही. याला सोशल स्टोरी म्हणतात, अमेरिकेतल्या कॅरोल ग्रे या शिक्षिकेने साधारण १९९० पासून ही पद्धत रुजवली. आम्ही घरी चित्रांची वही म्हणतो. एका पानावर एक फोटो आणि एक-दोन वाक्यं, बास. ‘हे गेट आहे. आपण इथून आत जाणार.’ ‘इथे काका बॅग तपासतात. मशीन कदाचित पीं करेल. त्याचा अर्थ कोणी रागावलंय असा नाही.’ ‘आत मोठा घुमट आहे. तिथे आवाज घुमतो. घुमला तर हेडफोन लावायचे.’

लिहिताना एक चूक सगळे करतात, मी पण केली. ‘खूप मज्जा येईल’ असं लिहिलं. आणि नाही आली मज्जा तर? तर वही खोटी ठरली, आणि वही एकदा खोटी ठरली की पुढच्या वेळी तो बघतच नाही. तसंच ‘कदाचित’ हा शब्द भरपूर वापरायचा. कदाचित गर्दी असेल. कदाचित एखादं दालन बंद असेल. आणि शेवटचं पान कायम घरचं, दार, चपलांचा स्टँड, त्याची निळी उशी, म्हणजे हे संपणार आहे आणि आपण परत येणार आहोत हे त्याला कळतं. सहा दिवस रोज रात्री झोपताना एकदा वाचायची.

आणखी एक पान मी घातलं ते अंधाराचं. तुम्ही बघितलं असेल, जुनी लघुचित्रं आणि कापड ठेवलेल्या दालनात दिवे एकदम मंद असतात. वीजबिलाचा प्रश्न नाही तो, प्रकाशाने रंग उडतात, म्हणून अशा वस्तूंसाठी साधारण ५० लक्स एवढाच उजेड ठेवायचा असं जगभर धरून चालतात. आपल्या ऑफिसमध्ये याच्या पाच-सहा पट तरी असतो. बाहेरच्या उन्हातून थेट तिथे गेलं की मोतीबिंदूवाल्या माणसाला काहीच दिसत नाही, काठी कुठे टेकायची तेही नाही. म्हणून दाराशी दोन मिनिटं थांबायचं, डोळे बसू द्यायचे. आईसाठी पण हे पान कामाला आलं, तिने चष्मा लावून पूर्ण वही वाचली आणि म्हणाली, ‘माझ्या लग्नाच्या आधी अशी एक वही द्यायला हवी होती मला कोणीतरी.’

(दृश्य: लोकल. दिव्यांगांचा डबा. खिडकीतून मागे पळणारी स्टेशनं.)

मंगळवार निवडला. शनिवार-रविवार नको, शाळांच्या सहली असतात ते दिवस नको, आणि जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीत काळा घोडा फेस्टिव्हल असतो तेव्हा तर त्या बाजूला व्हीलचेअर घेऊन फिरकूच नका. अकराच्या आधी निघायचं नाही, गर्दी उतरू द्यायची. आम्ही सेंट्रल लाइनवाले, आणि सीएसएमटीचं एक बरंय, लोकलसाठी ते शेवटचं स्टेशन, फलाट संपला की सपाटीने बाहेर, पूल नाही. तिथून टॅक्सी. चालत पण फार लांब नाही, पण फुटपाथवर ते लोखंडी खांब असतात ना, बाइकवाले वर चढू नयेत म्हणून लावलेले, त्यांच्यात इतकं कमी अंतर की बाइक अडो न अडो, व्हीलचेअर नक्की अडते. २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने या खांबांवर स्वतःहून याचिका दाखल करून घेतली होती. म्हणजे बघा, तीन फुटांची जागा सोडायला हायकोर्ट लागतं.

(दृश्य: घुमट, कॅमेरा हळूहळू खाली येतो.)

म्युझियमची ही इमारत वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी आखलेली. पायाभरणी १९०५ ची, पण लोकांसाठी दार उघडलं १९२२ मध्ये, कारण मधे पहिलं महायुद्ध आलं आणि इथे लष्करी हॉस्पिटल झालं. आईला हे सांगितलं तर ती खुश, ‘म्हणजे कुबड्यावाले माझ्याआधी इथे येऊन गेलेत.’ दगड कुर्ल्याचा आणि मालाडचा, आणि घुमटाखाली जी लाकडी कमानींची नक्षी आहे ती नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून आणलेली. आईचं माहेर नाशिक. मग काय, खुर्ची तिथेच थांबली, वीस मिनिटं, आणि माझा टाइमटेबल गेला उडत. उडू दे म्हटलं. एका फेरीत तीन दालनांच्या वर धरायचीच नाहीत, आम्ही दोनच केली.

भाच्याच्या वेळी बॅग तपासायचं मशीन पीं वाजलं. तो थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि मोठ्याने म्हणाला, ‘कोणी रागावलेलं नाही.’ गार्ड काका म्हणाले, ‘नाही रे बाबा.’

पशुपक्ष्यांच्या दालनात तो काचेला नाक लावून उभा. आत फ्लेमिंगो. शिवडीच्या खाडीत त्याने हे उडताना बघितलेत. माझ्या वहीत ओळ होती, ‘हे पक्षी खरे होते. आता ते उडत नाहीत.’ त्याने ती ओळ म्हटली, मग परत म्हटली, मग हेडफोन काढून ठेवले. काचेवर त्याच्या श्वासाचा एक गोल धूसर डाग, तो मोठा होतोय, छोटा होतोय.

(दृश्य: रस्त्यापलीकडे लायब्ररीची कमानदार इमारत.)

लायब्ररीचं वेगळं गणित. डेव्हिड ससून १८७० ची इमारत, वाचायची खोली आणि त्या प्रसिद्ध आरामखुर्च्या वरच्या मजल्यावर, मागे मात्र बाग आहे, खाली. ज्यांना जिना जमत नाही त्यांनी बाग धरायची, आणि सभासद नसाल तर काय नियम ते आधी विचारून घ्यायचं. आई बागेत बसली, मी वर जाऊन व्हिडिओ कॉलवर तिला कपाटं दाखवली. पुस्तक हातात धरता येत नाही किंवा दिसत नाही अशांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ नावाची ऑनलाइन लायब्ररी २०१६ पासून आहे, छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांना तिथे ऐकायला, ब्रेलमध्ये वाचायला पुस्तकं मिळतात. मित्र म्हणतो लायब्ररीत जायच्या आधी तिथे एक पुस्तक ऐकून जायचं, मग आपण रिकाम्या डोक्याने जात नाही. पण तो असंही म्हणतो की कागदाचा वास मोबाइलमधून येत नाही, म्हणून तो लायब्ररीत जातोच.

(दृश्य: टॅक्सी. बाहेर एशियाटिकच्या पायऱ्या.)

परतताना आईने टॅक्सी मुद्दाम हॉर्निमन सर्कलवरून घ्यायला लावली. टाऊन हॉल, १८३३ चा, आत एशियाटिक सोसायटीची लायब्ररी. आणि समोर ३० पायऱ्या. आपण सगळ्यांनी तिथे बसून फोटो काढलेत. मी मनात हिशोब केला, रॅम्पचा नियम असा की १ फूट चढायला १२ फूट लांबी, एक पायरी सहा इंचांची धरली तर ३० पायऱ्या म्हणजे १५ फूट, म्हणजे १८० फुटांचा रॅम्प, म्हणजे पाच एसट्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढं होईल तेवढा. समोरून तर शक्य नाही.

आई खिडकीतून बघत होती. भाचा वहीचं शेवटचं पान उघडून बसलेला, निळ्या उशीवर बोट.

‘मागून दार असेल की गं कुठेतरी,’ आई म्हणाली. ‘विचार त्यांना. पायऱ्या किती तेही विचार. आणि जेवायला कधी जातात ते.’

(दृश्य: फोनचा स्क्रीन. रिंग जातेय.)