पंखा फिरतोय, खरं डिस्प्ले नाही

अध्यक्ष महाराज आणि एवढ्या पावसातून आलेली मंडळी. 'सुट्या पार्टांशिवाय कॉम्प्युटरची तपासणी' या विषयाला मला पस्तीस मिनिटं दिली आहेत. आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर अशी चाळीस वर्षं दुरुस्तीत गेली. पस्तीस मिनिटांत बरं झालेलं एकही मशीन मला आठवत नाही. बघू.

'पण'ला 'खरं' म्हणणारी आपण बेळगावकडची माणसं. पुण्यातल्या एका विक्रेत्याला मी फोनवर म्हटलं, "पंखा फिरतोय, खरं डिस्प्ले येत नाही." तो म्हणाला, "म्हणजे खोटा येतोय?" हसा, हसा. माझ्याकडे ही तक्रार दोन भाषांत येते. शहापूरचा माणूस मराठीत सांगतो, गोकाकचा "डिस्प्ले बरवल्दु री" म्हणतो. १९५६ पासून आपला सीमावाद चालू आहे, १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवालही येऊन गेला. या एका वाक्यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

आता माझं म्हणणं. घरी जुळवलेलं मशीन सुरू झालं नाही की जो तो सांगतो, "दुसरी चालू रॅम लावून बघ, दुसरा एसएमपीएस लावून बघ." रॅम म्हणजे मशीनची आठवणीची पट्टी, एसएमपीएस म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा. अहो, दुसरी रॅम घरात असती तर ती आधीच नसती का लावली? मुंबईवाल्याला लॅमिंग्टन रोड आहे, बेंगळुरूवाल्याला एस. पी. रोड. आपल्याला दोन्हीकडे रात्रीची बस. म्हणून मी म्हणतो, जोडायच्या आधी काढा. एकेक वस्तू काढत जा, जी काढल्यावर मशीन बोलायला लागेल ती चोर.

हे मी वर्षानुवर्षं सांगत होतो आणि माझ्याच भाच्याने माझी जिरवली. तो खानापूरला असतो. पैसे साठवून त्याने मशीन जुळवलं: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी ६५० बोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मदरबोर्ड), सोळा-सोळा जीबीच्या दोन डीडीआर ५ रॅम. ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही, कारण या प्रोसेसरच्या पोटातच डिस्प्लेची सोय असते. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. पोरगं बोर्ड घेऊन एका दुकानात गेलं. नाव सांगत नाही, तिथलेही कोणी इथे बसले असतील. दुकानदाराने पाच मिनिटं बघितलं आणि सांगितलं, "बोर्ड गेलाय." आमच्या धंद्यात हे वाक्य फार सोयीचं. डॉक्टर 'व्हायरल आहे' म्हणतात ना, तसं. पोराने आईकडून पैसे घेऊन दुसरा बोर्ड आणला. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा.

मग मामाला फोन. मी भर पावसात लाल बसने गेलो, पिशवीत स्क्रूड्रायव्हर आणि खोडरबर. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने पुसायचे, हा आमचा जुना मंत्र. एक रॅम काढली, चालू केलं, अर्धा मिनिट थांबलो. काही नाही. बंद. जागा बदलली, चालू, अर्धा मिनिट, बंद. पुसली, चालू, बंद. बोर्डवर डीरॅम लिहिलेला छोटा दिवा सारखा पेटलेला, म्हणून मला वाटे रॅममध्येच खोट आहे. अडीच तास हा प्रकार. शेवटी अक्का दारात आली, "भात निवतोय. उठता की नाही?" तिच्या आवाजापुढे माझं काही चालत नाही, आजही. मशीन तसंच चालू ठेवून आम्ही उठलो. आमटी-भात झाला, ताक झालं, शेजाऱ्याच्या म्हशीची चौकशी झाली. परत येऊन बघतो तर पडद्यावर बायोस, म्हणजे बोर्डातला मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम!

झालं होतं असं. या नव्या बोर्डांवर डीडीआर ५ रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड तिची सवय करून घेतो, कुठल्या वेगाला, कुठल्या वेळेला ती नीट वाचता येते ते तपासत बसतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्यात कित्येक मिनिटं जातात, तोवर पडदा काळाच. मध्येच वीज तोडली की पुन्हा पहिल्यापासून. रॅमची जागा बदलली तरी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे काढत जा, काढत जा म्हणणारा मीच अडीच तास त्याला शिकू देत नव्हतो. तेव्हापासून माझ्या मंत्राला शेपूट लागलंय: काढा, आणि काढल्यावर जेवून या. नव्या मशीनला पंधरा मिनिटं द्या.

चिठ्ठी आली. सात मिनिटं राहिली म्हणे. जो विषय पत्रिकेत छापलाय तो आता धावत घेतो.

सुट्या पार्टांशिवाय तपासणी. मॉनिटरवर शंका असेल तर घरचा टीव्ही लावा. एचडीएमआय केबल सेट-टॉप बॉक्सची काढा, घटकाभर मालिका बुडू दे. ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर केबल कार्डालाच, वरच्या बोर्डाच्या भोकाला नव्हे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, १२४००एफ सारखा, तर बोर्डाच्या भोकातून काही येणारच नाही. बोर्डाला वीज दोन ठिकाणी लागते, चोवीस पिनांची मोठी आणि प्रोसेसरजवळ आठ पिनांची. दुसरी विसरली तरी पंखे फिरतात आणि माणूस फसतो.

एवढ्याने नाही भागलं तर सगळं कॅबिनेटमधून बाहेर, बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, बस. बहुतेक चार जागांच्या बोर्डांत ती प्रोसेसरकडून दुसऱ्या जागी बसते, खरं एकदा पुस्तिका बघाच. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवून सुरू करा. बाहेर चालतंय आणि आत नाही, तर बहुतेक बोर्डाखाली कॅबिनेटची जादा पितळी खुंटी राहिलीय, ती शॉर्ट करते. छोटासा स्पीकर बोर्डाला लावा आणि रॅम काढून सुरू करा: तो ओरडला तर बोर्ड आणि प्रोसेसर दोघे जिवंत. बोर्ड जुना, प्रोसेसर नवा असेल तर बायोस अद्ययावत करावा लागू शकतो. वीज काढून बोर्डावरचा २०३२चा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा, बिघडलेल्या सेटिंग पुसल्या जातात. एसएमपीएस मात्र उघडू नका. प्लग काढला तरी आत धक्का देण्याइतकी वीज उरते.

दुसरी चिठ्ठी. बरं, बसतो. मागून कोणीतरी विचारतंय, भाच्याच्या पहिल्या बोर्डाचं काय झालं. दुकानदार परत घेईना. अक्काच्या कपाटावर आहे, खोक्यासकट. कुणाला हवा असेल तर सांगा, चालू आहे.