समुद्र संध्याकाळी, घाट सकाळी

मंडळी, पडद्यावरचा नकाशा पाहा. खाली एड्रियाटिक समुद्रावरचं इटलीचं त्रिएस्ते बंदर. त्याच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, ज्युलियन आल्प्सच्या पलीकडे, स्लोव्हेनियातलं क्रान्स्का गोरा. पक्ष्याला हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. आज ज्या वाटेबद्दल मी बोलणार आहे, तिने साधारण १६५. हे ऐकलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती तासांत होतं?" चार-साडेचार तासांत होतं. पण तसं करू नका, एवढं सांगण्यासाठी मी इथे उभी आहे.

अशा प्रवासाचा आराखडा आपण किलोमीटर मोजून करतो आणि तिथेच फसतो. समुद्रसपाटीपासून १६११ मीटरवर, या वाटेवरच्या व्रशिच घाटाच्या माथ्यावर, जायचं असेल तर आधी दोन गोष्टी बघायच्या: उजेड कुठून येतो आणि दिवसाच्या कुठल्या वेळी डोंगरावर ढग चढतात. त्रिएस्तेचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. मोलो आउदाचे नावाचा दगडी धक्का सुमारे अडीचशे मीटर समुद्रात गेलाय, त्याच्या टोकावर उभं राहिलं की सूर्य पाण्यात बुडताना दिसतो. म्हणजे समुद्र संध्याकाळचा. आल्प्समध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमतात आणि गडगडाटासह पाऊस येतो. म्हणजे घाट सकाळचा. पहिल्यांदा गेले तेव्हा मी हे सगळं एका दिवसात बसवलं होतं. दुपारी तीनला व्रशिच घाटाच्या माथ्यावर पोचले आणि समोर बोनेटच्या पुढचंही दिसेना. इतक्या लांब जाऊन डोंगर न बघता परत आले. तेव्हापासून मी दोन मुक्काम धरते: एक त्रिएस्तेला, एक घाटाच्या अलीकडे, स्लोव्हेनियातल्या कोबारिद किंवा बोवेत्सला.

आता कागदपत्रं, कारण सीमा ओलांडायची आहे. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो. पण २०२३ च्या ऑक्टोबरपासून इटलीने या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली, तेव्हा पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत नको, अंगावर हवा. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना म्हणजे तुमच्या परवान्याचं अधिकृत भाषांतर. मूळ परवाना सोबत नसेल तर त्याला अर्थ नाही. गाडी भाड्याची असेल तर ती दुसऱ्या देशात नेणार आहोत हे बुकिंगच्या वेळीच सांगा आणि करारावर लिहून घ्या. विमा त्याच एका ओळीवर अवलंबून असतो.

आणि नॅव्हिगेशन. ते तुम्हाला सर्वांत जलद वाटेने नेणार, म्हणजे थेट स्लोव्हेनियाच्या मोटरवेवर. तिथे दोन किलोमीटर गेलात तरी विन्येट, म्हणजे मोटरवेचा ठरावीक मुदतीचा पास, लागतं. २०२२ पासून ते काचेवर चिकटवायचं नसतं, गाडीच्या नंबरवर ऑनलाइन घ्यायचं असतं. आपल्या वाटेला त्याची गरजच नाही, फक्त सेटिंगमध्ये 'टोल आणि मोटरवे टाळा' हे निवडा. किनाऱ्याचा रस्ता मोनफाल्कोनेपर्यंत, तिथून गोरित्सिया, आणि सीमेपलीकडे सोचा नदीच्या काठाने वर.

हिवाळ्यात निघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्रिएस्तेत 'बोरा' नावाचा वारा पठारावरून समुद्राकडे कोसळतो. त्याचे झोत ताशी १५० किलोमीटरच्या वर जाऊ शकतात. गाडीतून उतरताना दार दोन्ही हातांनी धरून उघडा, नाहीतर बिजागरीच वाकते. तसाही हिवाळ्यात व्रशिच बर्फामुळे बंद असतो, म्हणून जून ते सप्टेंबरच बरे.

गोरित्सियाला मात्र गाडी लावा आणि चालत जा. इथे घाई करणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. १९४७ च्या शांतता करारात शहर इटलीकडे राहिलं आणि त्याचंच १९०६ सालचं रेल्वे स्टेशन युगोस्लाव्हियाकडे गेलं; स्लोव्हेनिया तेव्हा त्याचाच भाग होता. पलीकडच्यांनी मग १९४८ पासून नोवा गोरित्सा हे नवं शहर बांधायला घेतलं. स्टेशनसमोरच्या चौकातून सीमा जाते. २००४ साली चौकातलं कुंपण काढलं आणि त्या जागी जमिनीत एक गोल मोझाइक बसवलं. एक पाय इटलीत, एक स्लोव्हेनियात. मी गेले तेव्हा एक छोटा मुलगा त्या गोलावरून सायकलने नुसत्या चकरा मारत होता. दर चकरीला दोनदा देश बदलत होता आणि त्याला त्याचं काहीच नव्हतं. २०२५ साली या दोन्ही शहरांनी मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी हा मान घेतला.

पुढे सोल्कानचा रेल्वे पूल लागतो, घडीव दगडाची ८५ मीटरची एकच कमान. आणि मग नदी. सोचाच्या पाण्याचा हिरवा रंग फोटोत खोटा वाटतो. तळाशी पांढरी चुनखडी आणि पाणी इतकं निर्मळ की खोलीचा अंदाज फसतो. पाय घालाल तर मिनिटभरात बधिर होतील. याच नदीचं इटालियन नाव इझोंझो. पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१७ या काळात, इथे इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात बारा लढाया झाल्या. शेवटची कोबारिदची, तिचं संग्रहालय गावातच आहे. मुक्कामाच्या संध्याकाळी ते नक्की बघा, कारण दुसऱ्या दिवशीचा घाट त्याशिवाय कळत नाही.

व्रशिचचा रस्ता पर्यटकांसाठी झालेला नाही. या आघाडीला रसद पोचवायला ऑस्ट्रिया-हंगेरीने तो रशियन युद्धकैद्यांकडून करून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमस्खलन झालं आणि कैदी व पहारेकरी बर्फाखाली गेले. वाचलेल्यांनी रस्त्याच्या कडेला लाकडी प्रार्थनागृह उभारलं. घाटाला एकूण पन्नास हेअरपिन वळणं, प्रत्येकावर क्रमांक आणि उंचीची पाटी. मोजणी क्रान्स्का गोराकडून आहे, त्यामुळे समुद्राकडून येणाऱ्याला ती उलटी भेटतात: पन्नास, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस... सव्वीस वळणं चढायची, चोवीस उतरायची. माथ्यावर किनाऱ्यापेक्षा दहा अंशांनी थंडी असते, स्वेटर डिकीत तळाला ठेवू नका.

उतरताना उत्तरेकडच्या वळणांवर डांबर नाही, दगडी फरशा आहेत. ओल्या असल्या की टायर सरकतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून सलग उतरलात तर ते तापतात आणि शेवटच्या वळणांना दगा देतात. उजवीकडून चालवायची सवय नसेल तर वळणावर हात आपोआप डावीकडे ओढतो, म्हणून शेजारच्याने प्रत्येक वळणाला "उजवीकडे" असं मोठ्याने म्हणत राहायचं. आम्ही आजही म्हणतो. आठ क्रमांकाच्या वळणाला गाडी थांबवा. ते प्रार्थनागृह तिथे आहे, झाडीत थोडं वर.

एक प्रश्न आलाय, हीच वाट उलटी केली तर? छान प्रश्न आहे. मग सकाळी घाट आणि संध्याकाळी समुद्र हे एकाच दिवसात साधतं, वेळही पुरतो. पण कोबारिदचा मुक्काम सुटतो आणि संग्रहालय घाईत होतं. माझ्याकडे एकच दिवस असता तर मी उलटीच निघाले असते, सकाळी सातला, क्रान्स्का गोराहून, पहिल्या वळणापासून.