गोमाशी आणि गोठ्यातली चावरी माशी

नमस्कार मंडळी. आज दोन माश्यांविषयी बोलू. दोन्ही जनावरांचं रक्त पितात, पण राहणी अगदी वेगळी.

पहिली गोमाशी. शास्त्रीय नाव हिप्पोबोस्का मॅक्युलाटा. तपकिरी, चपटी, बैलाच्या शेपटीखाली चिकटलेली, हात लावला की खेकड्यासारखी आडवी पळणारी.

एका पोळ्याला मामांच्या दारात बैल सजले होते. शिंगांना हिंगूळ, बेगड, अंगावर झूल. मिरवणुकीपुढं हलगी होती. शहरातले नवे जावई कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून नैवेद्य द्यायला पुढं झाले. शेपटीखाली गोमाशी दिसली. त्यांनी ती चिमटीत धरली, चांगली दाबली, "मेली!" म्हणाले आणि टाकून दिली. मेली कसली! उडाली ती थेट कॉलरमधून आत. जावयांनी पुरणपोळीचं ताट मामींकडं दिलं आणि अंगणभर नाचायला लागले. हलगीवाल्याला वाटलं, पाहुणे रंगात आले. त्यानं ठेका वाढवला! शेवटी आजीनं सदरा उतरवायला लावला, पाठीवरची माशी पकडली आणि अंगठ्यांच्या नखांत कट्‌कन फोडली. "जावईबापू, ही चिमटीत मरत नसते."

इतकी चिवट. ही अंडीही घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात पोसते आणि पुरती वाढली की भिंतीच्या फटीत नाहीतर मातीत सोडते. तिचा लगेच कोष होतो.

दुसरी चावरी माशी, स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स. दिसते घरमाशीसारखी. "पावसाळ्यात माश्या चावायला लागल्या," म्हणतो ना आपण? ती हीच. घरमाशीला चावताच येत नाही. हिची सोंड सुईसारखी टोकदार, पुढं आलेली. ही पायांना चावते, म्हणून जनावर सारखं पाय आपटतं. काही मिनिटांत पोट भरलं की जाऊन बसली भिंतीवर!

म्हणून नीट ऐका. गोमाशी अंगावर राहते, तिच्यासाठी औषध अंगावर. चावरी माशी अंगावर राहतच नाही. पुन्हा सांगतो, राहतच नाही. ती वाढते कुजक्या, ओल्या चाऱ्यात, शेणमुतात. जनावराला कितीही फवारा, गोठा ओला असेल तर पैसे पाण्यात. औषधाचं प्रमाण पशुवैद्यकांना विचारूनच घ्या, आणि गव्हाणीखालचा ओला चारा आजच उचला. उबदार हवेत अंड्याची माशी व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात.