आत्याचा वर्ग

(दृश्य: बडोदा, सकाळ. सुरसागर तलावाची पाळ, तिथून दांडिया बझारकडे जाणारा रस्ता. जुन्या घराचा लाकडी जिना.)

दांडिया बझारच्या या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, सकाळी साडेआठला इंग्रजीचा वर्ग भरतो. विद्यार्थी पाच. सगळ्यात लहान बाई ५९ वर्षांच्या, सगळ्यात मोठे काका ७४चे. शिकवते ती माझी आत्या.

बडोद्याच्या अलकापुरी भागात इंग्रजीच्या शिकवण्या पुष्कळ. तिथे तरुण मुलं आयेल्ट्सचे, म्हणजे परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेचे, बँड मोजत बसलेली असतात, सहा की साडेसहा. आत्याकडे येणाऱ्यांना कुठलीही परीक्षा द्यायची नाही. त्यांची मुलं केव्हाच परदेशी गेली. यांना नातवंडांशी बोलायचंय.

आत्या १९ वर्षं कॅनडात होती, टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला. बडोद्यातून इंग्रजीत एम.ए. करून गेलेली, त्यामुळे शिकवायचं काम सहज मिळेल असं तिला वाटलं होतं. एका भाषाशाळेत मुलाखत छान झाली. शेवटी तिला सांगितलं, आमच्या विद्यार्थ्यांना जन्मापासून इंग्रजी बोलणारेच शिक्षक हवे असतात. बाहेर येऊन बसस्टॉपवर ती बराच वेळ बसून राहिली. त्या दिवसाबद्दल ती एवढंच सांगते.

मग ती परत विद्यार्थिनी झाली. ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे त्या ऑंटारिओत सरकारी वर्गांवर शिकवायचं तर टेसल ऑंटारिओ या इंग्रजी शिक्षकांच्या संस्थेची मान्यता लागते. त्यासाठीचं प्रशिक्षण तिने ४२व्या वर्षी घेतलं.

(दृश्य: आत्याच्या कपाटातल्या जुन्या फाइली. वर्गाचे फोटो, चेहरे दिसणार नाहीत असे.)

त्या सरकारी वर्गांना 'लिंक' म्हणतात. नव्याने स्थायिक झालेल्या प्रौढांसाठी कॅनडाच्या केंद्र सरकारने ते १९९२मध्ये सुरू केले. फी नाही. भाषेच्या पायऱ्या एकूण १२. नागरिकत्व हवं असेल तर १८ ते ५४ वयाच्या माणसाला बोलण्यात आणि ऐकण्यात चौथी पायरी गाठावी लागते. आणि नागरिकत्व मिळालं की या वर्गात बसायचा हक्क संपतो. आत्याला हे आजही पटत नाही. ती म्हणते, "चौथ्या पायरीवर माणूस दुकानात, बसमध्ये निभावून नेतो. पण डॉक्टरला दुखणं नीट सांगायला ती भाषा पुरत नाही गं."

तिच्या वर्गात सीरियातून आलेला एक दुकानदार होता. अरबीत 'प' हा आवाज नाही, त्यामुळे त्याचं 'पार्किंग' दर वेळी 'बार्किंग' व्हायचं. आत्याने कागदाची पट्टी ओठांसमोर धरायला सांगितली: 'पेन' म्हटल्यावर पट्टी हलली पाहिजे. आणि दाखवायला म्हणून स्वतः 'पेन' म्हणाली, तर तिची पट्टी जागची हलली नाही!

आपल्या 'प'ला फुंकर नसते. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येणाऱ्या 'प'ला ती असते. एम.ए.पर्यंत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी शिक्षिका आणि विद्यार्थी दोघांनी समोरासमोर बसून पट्ट्या हलवल्या. मला वाटतं, त्या भाषाशाळेला जे तिचं उणं वाटलं, तेच या वर्गात कामाला आलं. पाय कुठे घसरतो हे घसरलेल्यालाच ठाऊक असतं.

काबूलची एक बाई तीन आठवडे तोंड उघडत नव्हती. गावाकडे वीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, आणि इथे 'ए फॉर ॲपल'. आत्याने चित्रांचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि विचारलं, या आठवड्यात तुम्हाला इंग्रजीत खरोखर काय लागणार आहे? तिने पर्समधून मुलाच्या शाळेचं पत्र काढलं. मुलगा तापाने दोन दिवस घरी होता. दोघींनी मिळून चार ओळींची चिठ्ठी लिहिली. खाली सही करताना त्या बाईने आधी पेन दोनदा कोऱ्या कागदावर चालवून पाहिलं. हे सांगताना आत्याचा आवाज अजून बदलतो.

(दृश्य: दांडिया बझारमधलं अरविंद निवास, बाहेरून.)

उशिरा भाषा शिकणं बडोद्याला नवीन नाही. १८७५मध्ये कवळाणे गावाहून इथल्या राजघराण्यात दत्तक आलेल्या बारा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख नव्हती; मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी तो इथे शिकला. पुढे त्याच मुलाने, म्हणजे महाराज सयाजीरावांनी, १९०६मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. अरविंद घोष १८९३मध्ये इंग्लंडहून इथे आले. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, आणि स्वतःच्या मातृभाषेवर, बंगालीवर, हात बसावा म्हणून त्यांनी एका बंगाली लेखकाला घरी ठेवून घेतलं होतं. आत्याच्या खिडकीतून ते घर, आजचं अरविंद निवास, लांब नाही.

(दृश्य: वर्ग. फळ्यावर दोनच शब्द: अ, द.)

आज 'द' चाललंय. मराठीत असा शब्द नाही, म्हणून आत्या स्वयंपाकघरातून सुरुवात करते. "'डबा आण' म्हटलं की कुठलाही चालेल. 'तो डबा आण' म्हटलं की तुम्हाला आणि मला, दोघांनाही माहीत असलेला. 'द' म्हणजे हा 'तो'."

७४ वर्षांचे काका वहीत लिहून घेतात. पुढच्या महिन्यात ते पहिल्यांदा नातीकडे जाणार आहेत. तिला मराठी समजतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते.

"ताई, मी तिला म्हणणार, आपण पार्कमध्ये जाऊ. मग 'अ पार्क' की 'द पार्क'?"

"ते पार्क तुम्हाला माहितीये?"

"हो ने! रोज व्हिडिओवर दाखवते. लाल घसरगुंडी आहे तिथे."

"आणि तिलाही माहीत आहे. मग?"

"द."

"बरोबर. आता पूर्ण म्हणा, काका."

काका वहीतून कागदाची पट्टी काढतात, ओठांसमोर धरतात. "लेट अस गो टू द पार्क."

पट्टी हलत नाही. ते चष्मा सारखा करतात आणि पट्टी पुन्हा धरतात.