उपाशी आहे का तो?

नमस्कार श्रोतेहो.

तुम्ही मला ऐकताय, पण मी तुम्हाला दिसत नाही. मला तर तुम्ही ऐकूही येत नाही. तुमच्यापुढे पोळपाट आहे की रिक्षाचं हँडल, मला काय ठाऊक! म्हणजे आता मी जे सांगेन ते क्रमानं सांगायला हवं, काही गृहीत न धरता. २०२१ पासून दर शनिवार-रविवारी मी हीच अडचण घेऊन बसते. तिथे ऐकणारा असतो रोबोट, त्याला दोन पिवळ्या मोटरी असतात, आणि बोलणारी असतात माझ्याकडे तो बनवायला शिकणारी बडोद्याच्या दांडिया बाजारातली आठ-दहा मुलं.

आधी एक खेळ खेळू. समजा, तुम्ही फोनवरून भाचीला त्रिकोण काढायला सांगताय, तिन्ही बाजू सारख्या. शब्द दोनच वापरायचे, ‘पुढे जा’ आणि ‘उजवीकडे वळ’. चौकोन सोपा आहे. पुढे जा, नव्वद अंशांनी वळ, असं चार वेळा. मग त्रिकोणाला किती वळायचं? शाळेत शिकलेलं आठवून तुम्ही म्हणाल, साठ. माझ्याकडे आलेलं प्रत्येक मूल साठच म्हणालं आहे, आणि खरं सांगते, बऱ्याच आईबाबांनीही तेच सांगितलं. साठ अंशांनी तीनदा वळून पाहा. त्रिकोण होत नाही, अर्धा षटकोन होतो आणि तोंड उघडंच राहतं. वळायचं असतं एकशेवीस अंश, कारण चालणारा कोपऱ्याच्या बाहेरच्या बाजूनं वळतो.

हे मी फळ्यावर तीनदा समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा साठच लिहिलं. शेवटी फरशीवर खडूनं त्रिकोण आखला आणि सातवीतल्या एका मुलाला त्यावरून चालायला लावलं. पहिल्या कोपऱ्याशी तो वळला, थबकला आणि म्हणाला, “मॅम, मी तर जास्तच फिरलो ने!” बडोद्याच्या मराठीतला तो ‘ने’ तुमच्या ओळखीचा असेल.

ही युक्ती माझी नव्हे. लोगो नावाची मुलांसाठीची संगणकभाषा १९६७ साली अमेरिकेत तयार झाली. तिच्यामागे सेमूर पॅपर्ट आणि त्यांचे सहकारी होते. पुढे त्या भाषेत एक कासव आलं, मुलांच्या हुकमावर चालणारं आणि रेघ ओढणारं. अडलात तर स्वतः कासव व्हा आणि चालून पाहा, असं पॅपर्ट सांगत. आमच्या शाळेतही लोगो होती. पण आम्हाला परीक्षेत ‘एफडी म्हणजे काय’ (उत्तर: फॉरवर्ड, पुढे जा) एवढंच विचारायचे, आणि आमच्या घरात एफडी म्हणजे बँकेतली. कासव होऊन कोणी कधी चाललं नाही.

मी चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, त्यातली बरीचशी पुण्यात. पैशांचे व्यवहार एका संगणकावरून दुसऱ्याकडे बिनचूक पोचवणारी प्रणाली सांभाळणं, हे माझं काम. व्यवहार अडला की रात्री अडीचलाही फोन यायचा. सासऱ्यांच्या आजारपणात बडोद्याला आलो आणि घरून काम सुरू झालं. एका दुपारी शेजारच्या मुलीनं विचारलं, “मावशी, तुम्ही दिवसभर काय टाईप करता?” मला धड सांगता येईना. तिला दाखवता यावं म्हणून स्क्रॅच उघडलं. अमेरिकेतल्या एमआयटीनं २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं, रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं साधन. महिन्याभरात पाच मुलं झाली. वर्षानं मी नोकरी सोडली. एका ओळीत सांगितलं म्हणून ते सोपं होतं असं समजू नका. कमाई तिसऱ्या हिश्शावर आली आणि अमुक तारखेला पगार जमा झाल्याचा मेसेज येत नाही, याची सवय मला अजून झालेली नाही.

शिकवायला लागले तेव्हा वाटलं होतं, आपल्याला काय, चौदा वर्षांचा अनुभव आहे. पण मूल अडलं की माझा हात आपोआप पुढे जायचा. “सरक जरा,” म्हणायचं, दोन वायरी बदलायच्या, चाललं! मुलं टाळ्या वाजवायची आणि पुढच्या शनिवारी त्याच जागी अडायची. रोबोट माझा झाला होता, त्यांचा नव्हताच.

तोडगा निघाला तो आईंमुळे. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय एक्याऐंशी. ओटीवर झोपाळा आहे, बडोद्याच्या जुन्या घरांत असतो तसा, आणि सकाळचं आटोपलं की त्या तिथे असतात. माझा वर्गही ओटीवरच भरतो, कारण घरात तेवढी मोकळी फरशी दुसरीकडे नाही.

प्रोग्रामर लोकांत एक जुनी रीत आहे. टेबलावर एक रबरी बदक ठेवायचं आणि कोड चालेनासा झाला की तो ओळीओळीनं त्या बदकाला समजावून सांगायचा. बदक काही बोलत नाही. पण सांगता सांगता चौथ्या-पाचव्या ओळीला आपलीच जीभ अडखळते आणि कळतं, चूक इथे आहे. मी नियम केला की रोबोट अडला तर माझ्याकडे यायचं नाही, आधी आजींना सांगायचं. माझ्या वर्गातलं बदक म्हणजे आई. हे त्यांना मी आजवर सांगितलेलं नाही, आज रेडिओवरून कळेल.

पण या बदकाला तोंड आहे. एका गुजराती मुलाचा रोबोट सुरू व्हायचा, वीतभर पुढे जायचा, दिवा विझायचा, पुन्हा पेटायचा, पुन्हा वीतभर. मुलगा रडकुंडीला आला. कोड तपासला, बरोबर होता. वायरी तपासल्या, बरोबर होत्या. तो झोपाळ्यापाशी गेला, “बा, आ चालतो नथी.” आईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “ए भूख्यो छे के शुं?” उपाशी आहे का तो?

सगळे हसले. मी मात्र हसायची थांबले, कारण निदान अचूक होतं. त्यानं मोटरींना ती चौकोनी, छोटी, नऊ व्होल्टची बॅटरी जोडली होती. आकडा मोठा म्हणून मुलांना ती दणकट वाटते. पण मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते आणि ही बॅटरी तेवढा देऊ शकत नाही. व्होल्टेज कोसळतं, रोबोटचा मेंदू, म्हणजे अर्डुइनोचा बोर्ड, बंद पडतो. मोटर थांबली की व्होल्टेज सावरतं, बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. भुकेलेला माणूस उठतो, दोन पावलं टाकतो आणि चक्कर येऊन बसतो, अगदी तसं. मोटरींना वेगळी, दमदार बॅटरी दिली. तरी ढिम्म. मग कळलं की दोन्ही बॅटऱ्यांच्या उणे बाजू एकमेकींना जोडलेल्याच नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सवाले याला ‘ग्राउंड कॉमन करणं’ म्हणतात. आईंनी त्याचंही भाषांतर केलं, “म्हणजे दोघांचं जेवण वेगळ्या घरी, पण बोलणं तर हवं ना!” या चुकीत मोठ्यांचेही तासन् तास जातात. त्या वर्गात ती पुन्हा कोणाकडून झाली नाही.

दुसरा प्रश्न त्यांनी विचारला तो मला माझ्या जुन्या नोकरीत घेऊन गेला. काळ्या पट्टीवरून चालणारे रोबोट बनवले होते. खाली बसवलेला सेन्सर अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, किरण सोडतो. पांढऱ्या फरशीवरून ते परत येतात, काळी चिकटपट्टी ते पिऊन टाकते, आणि त्यावरून रोबोटला रस्ता कळतो. सकाळी सगळे सुतासारखे चालले. दुपारी साडेचारला आईबाबांना दाखवायला बोलावलं, तर एकूण एक रोबोट पट्टी सोडून भरकटले. (एक तर थेट चपलांच्या ढिगात.) मुलं कोडवर तुटून पडली. आई म्हणाल्या, “अरे, सकाळी चालत होतं ना? मग आता काय बदललं?”

रात्री अडीचच्या फोनवर आम्ही एकमेकांना पहिला प्रश्न हाच विचारायचो. काय बदललं? दोन वेण्यांच्या एका मुलीनं इकडे तिकडे पाहिलं आणि दाराकडे बोट दाखवलं. उतरतं ऊन तिरपं होऊन थेट फरशीवर आलं होतं. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात, त्यामुळे सेन्सरला सगळीकडे पांढरंच दिसत होतं. तिनं काळ्या कागदाचा घेर कापून सेन्सरभोवती चिकटवला, रोबोटला चणियाच नेसवला म्हणा ना! कोडची एक ओळही न बदलता रोबोट पट्टीवर आला.

मी कॉलेजात असते तर या उन्हाला ‘ॲम्बियंट लाइट इंटरफिअरन्स’ म्हटलं असतं आणि पाच मार्क घेतले असते. मी शिकले त्या कॉलेजाला रिक्षावाले आजही कलाभवनच म्हणतात. १८९० साली सयाजीराव महाराजांनी ते सुरू केलं. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. सुतारकाम, रंगकाम, विणकाम, यंत्रकाम असे हातांचे विषय तिथे होते. कारागिराच्या मुलाला ही विद्या त्याच्या भाषेत मिळावी, हा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. पुढे त्याचं विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत रूपांतर झालं, आणि मी तिथे चार वर्षं इंग्रजीत शिकून चांगल्या मार्कांनी बाहेर पडले. पण व्होल्टेज आणि करंट यांतला फरक घरच्या भाषेत सांगायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली ती या झोपाळ्यासमोर. सांगताना लक्षात आलं की मलाही तो अर्धाच कळला होता. ‘वेरिएबल’, ‘लूप’ हे शब्द मी बदलत नाही. मुलं ते मजेत वापरतात, त्यांना ‘चल’ आणि ‘आवर्तन’ देऊन का छळा? पण काय घडतंय हे मराठीत किंवा गुजरातीत सांगता आलंच पाहिजे.

आईबाबांचे प्रश्न ठरलेले असतात. सर्टिफिकेट मिळेल का? नाही. दुसरीतल्या मुलाला घ्याल का? नाही. त्याला पत्ते शिकवा, सापशिडी खेळा, क्रम आणि नियम त्यातही आहेत. सहा वर्षांच्या मुलाला ॲप बनवायला लावणाऱ्या जाहिराती लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी पाहिल्या. त्यांवर मी रेडिओवर बोलले तर तोल जाईल. नव्या शिक्षण धोरणात, २०२० च्या, सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आहे. ते वय मला पटतं.

हल्लीचा प्रश्न वेगळा आहे. आता कोड एआय लिहून देतं, मग शिकायचं कशाला? नववीतला एक मुलगा असा आयता कोड घेऊनही आला. कोड उत्तम होता, मी लिहिला असता त्याहून नीटस. रोबोट मात्र जागच्या जागी गिरक्या घेत राहिला. त्यानं पुन्हा एआयला विचारलं, त्यानं आणखी नीटस कोड दिला, गिरक्या चालूच. डाव्या मोटरच्या दोन वायरी उलट्या लागल्या होत्या. एआयला ते दिसायची सोय नव्हती आणि याला खाली वाकून पाहायची सवय नव्हती.

आता शेवटी त्या दोन वेण्यांच्या मुलीचं काय चाललंय ते सांगते. आईंना अलीकडे कमी ऐकू येतं. दाराशी कोणी आलं तर झोपाळ्यावर कळत नाही. म्हणून तिनं त्यांच्यासाठी एक दिवा बनवला. दारात दोन डोळ्यांसारखा दिसणारा सेन्सर बसवला. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्यावरून अंतर निघतं. पहिल्या दिवशी सगळी अंतरं दुप्पट यायला लागली. ती आजींना समजावत होती, “आवाज जातो आणि मग परत...” आणि ‘परत’वरच अडखळली. जाणं आणि येणं दोन्ही मोजलं होतं, दोननं भागायचं राहिलं होतं.

आता अंतर बरोबर येतं. पण मांजर आलं तरी दिवा लागतो. “हा तर कोणालाही ‘या’ म्हणतोय,” असं आई म्हणाल्या. त्यावर तिनं सेन्सर अडीच फूट वर बसवायचं ठरवलं, म्हणजे मांजर खालून जाईल. आईंनी लगेच अट घातली. समोरच्या घरातलं दोन वर्षांचं बाळ रोज दुपारी पडत-झडत येतं, ते आलेलं सगळ्यांच्या आधी कळलं पाहिजे.

मी इकडे रेकॉर्डिंगला निघाले तेव्हा ती शिंप्याची टेप घेऊन त्या बाळाची उंची मोजायला गेली होती. ते काही एका जागी उभं राहत नव्हतं.

नमस्कार.